पुराचा क्लेम केला म्हणून एकट्याचा प्रीमियम वाढवायचा नाही, हे नियमात लिहा

घराचा विमा आपल्याकडे मुळातच थोडे लोक काढतात, आणि ज्यांनी काढलाय त्यातले बरेच जण वेळ आली की क्लेम करायलाच कचरतात. का म्हणून विचारलं तर उत्तर एकच, क्लेम केला की पुढच्या वर्षीपासून प्रीमियम वाढवतात. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट, शंकरनगरपासून पार सीताबर्डीपर्यंत लोकांच्या घरादुकानांत शिरली, त्यानंतरच्या आठवड्यात मी ओळखीपाळखीच्या लोकांचे कागद बघायला, फॉर्म भरून द्यायला बसत होतो आणि हे वाक्य सारखं कानावर पडायचं. ज्यांचं तळमजल्यावरचं सगळं सामान गेलं होतं ते लोक पुढच्या वर्षीच्या दोन-अडीच हजाराच्या प्रीमियमची काळजी करून राहिले होते. बघून वाईट वाटायचं आणि रागही यायचा, कारण इतकी वर्षं पैसे भरून माणूस ऐन वेळी स्वतःच्याच हक्काच्या पैशाला हात लावायला भीत असेल तर त्या विम्याचा उपयोग काय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही भीती बरीचशी दुसरीकडून उचललेली आहे, तेव्हा नुकसान मोठं असेल तर क्लेम करायचाच, दोनदा विचार करायचा नाही. आणि या भीतीत जो थोडा खरा भाग आहे तो इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम करून काढून टाकला पाहिजे. नैसर्गिक आपत्तीत घराचा क्लेम केला म्हणून त्या एका घराचा प्रीमियम शेजाऱ्यापेक्षा जास्त होता कामा नये, आणि त्या कारणाने पॉलिसी नाकारायची पण नाही. हे पॉलिसीच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, एजंटच्या तोंडी आश्वासनावर सोडायची ही गोष्ट नाही.

त्या पुरातलं एक घर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. वयस्क नवरा-बायको, मुलं बाहेरगावी, तळमजला. पाणी आधी गेटमधून आलंच नाही, ते बाथरूमच्या जाळीतून वर आलं, बाहेरचं चेंबर भरून उलटं आलेलं काळं पाणी, आणि मग थोड्या वेळाने दाराखालून नदीचं. अंधारात दोघं कसेबसे जिन्याने वरच्या भाडेकरूकडे गेले. सकाळी पाणी उतरल्यावर बघितलं तर भिंतीवर कमरेच्या वर रेघ, फ्रीज आडवा होऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलेला, दिवाणच्या पेटीतल्या गाद्या-रजया आणि काकूंच्या ठेवणीतल्या साड्या गाळात, इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवरच होती ती गेली, आलमारीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेले कागद म्हणजे लगदा. त्यात घराचे कागद होते, बिलं होती, पॉलिसी पण होती. पॉलिसी गृहकर्जाच्या वेळी बँकेने काढायला लावलेली. मी म्हटलं काका, पॉलिसी नंबर बँकेतून मिळून जाईल, आज फोन करून नुकसान कळवून टाका. तर काका म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ, आता क्लेम केला तं हे लोक दरवर्षी आपल्याकडून वसूल करतील." दुपारपर्यंत भंगारवाला फ्रीज, वॉशिंग मशीन, कूलर सगळं घेऊन गेला. नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर यायचा प्रश्नच उरला नाही. सरकारने जाहीर केलेले दहा हजार मिळाले तेवढेच.

आता ही भीती येते कुठून ते बघू. पहिलं म्हणजे गाडी. गाडीच्या विम्यात नो क्लेम बोनस असतो, एक वर्ष क्लेम नाही केला तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममध्ये २० टक्के सूट, ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते, आणि एक क्लेम केला की शून्यावर येते. त्या पुरात बेसमेंटमध्ये, रस्त्यावर शेकडो गाड्या बुडाल्या होत्या, लोकांनी क्लेम केले आणि पुढच्या रिन्यूअलला बोनस गेलेला बघितला. पुरात गाडी बुडाली यात चालवणाऱ्याची काही चूक नसते तरी बोनस जातो, बोनस वाचवायचं वेगळं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. साहजिकच माणसाच्या डोक्यात बसतं की विमा म्हटला की क्लेमची शिक्षा ही असणारच.

दुसरं म्हणजे अमेरिका. नागपुरातल्या कित्येक घरांतली मुलं टेक्सासला नाहीतर कॅलिफोर्नियाला आहेत, ती फोनवर सांगतात की इकडे घराचा क्लेम करायच्या आधी लोक दहा वेळा विचार करतात. ते खोटं नाही सांगत. तिकडे घरमालकाच्या क्लेमची नोंद कंपन्यांच्या सामाईक डेटाबेसमध्ये जाते आणि ती सात वर्षांपर्यंत राहते, म्हणजे तुम्ही कंपनी बदलली तरी नव्या कंपनीला तुमचा जुना क्लेम दिसतो. शिवाय तिकडच्या साध्या घरविम्यात पूर येतच नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी, ती बहुतेक करून १९६८ साली सुरू झालेल्या सरकारी नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रामची. पण त्याच अमेरिकेत काही राज्यांमध्ये निसर्गामुळे झालेल्या नुकसानीचा क्लेम घरमालकाच्या विरोधात वापरायला कायद्याने बंधन आहे, आणि कॅलिफोर्नियात वणव्याची आणीबाणी जाहीर झाली की त्या भागातल्या घरांच्या पॉलिस्या एक वर्ष बंद करता येत नाहीत, असा कायदा २०१८ मध्ये झाला. ही दुसरी बाजू आपल्याकडे फोनवर कोणी सांगत नाही.

आणि तिकडचीच अजून एक गोष्ट बघा. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या मोठ्या कंपनीने कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिस्या देणंच थांबवलं, जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला आगी लागल्या आणि त्यानंतर त्याच कंपनीला घरविम्याचे दर सरासरी १७ टक्के वाढवायला परवानगी मिळाली. ही वाढ ज्यांनी क्लेम केला त्यांनाच नाही लागली, ज्यांनी आयुष्यात एकदाही क्लेम नाही केला त्यांनाही लागली. मला वाटतं आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त लक्षात घ्यायची गोष्ट ही आहे. क्लेम न करून तुम्ही तुमचा प्रीमियम वाचवता असं नाही, कारण प्रीमियम ठरवणारी मोठी कारणं तुमच्या क्लेमच्या फॉर्मपेक्षा बरीच वर असतात.

तिसरं कारण एजंट. सगळे नाही, चांगले एजंट मी पाहिलेत जे पुराच्या गाळात उभं राहून लोकांचे फोटो काढून देत होते. पण पॉलिसी विकताना उत्साह आणि क्लेमच्या वेळी "बघा, पुढे त्रास होईल" असं म्हणणारेही आहेत, आणि असं एक वाक्य माणसाला गप्प बसवायला पुरतं.

आपल्याकडे नियम काय आहेत ते बघा. १ एप्रिल २०२१ पासून इर्डाने घरांसाठी भारत गृह रक्षा नावाची एक स्टँडर्ड पॉलिसी आणली, आग आणि आपत्तीसाठी घराचा विमा विकणाऱ्या सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ती ठेवणं तेव्हा बंधनकारक केलं आणि मजकूर सगळ्यांचा सारखा. पूर, पाणी साचणं, वादळ, वीज, भूकंप, दरड, आग हे सगळं त्यात येतं, अमेरिकेसारखा पूर बाहेर काढलेला नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. घराची रक्कम ठरते ती कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च अशी, जागेची किंमत त्यात नाही. समजा १२०० चौरस फूट आणि बांधकाम २५०० रुपये धरलं तर घराचा विमा ३० लाखाचा. सामानाचा विमा त्याच्या २० टक्के, कमाल १० लाखापर्यंत, यादी न देता आपोआप मिळतो, म्हणजे इथे ६ लाख. यातलं शेवटचं बहुतेकांना माहीतच नसतं, त्या काकांनाही नव्हतं. त्यांना वाटायचं विमा म्हणजे फक्त भिंती आणि छत. अंडरइन्शुरन्सची कापाकापी पण या पॉलिसीत नाही, म्हणजे विमा थोडा कमी रकमेचा होता म्हणून क्लेम त्या प्रमाणात छाटायचा, हा जुना त्रास गेला.

क्लेम दिल्यावर प्रीमियमला धक्का लागतो का, तर एक धक्का लागतो आणि तो पॉलिसीतच लिहिलेला आहे. क्लेम दिल्यावर विम्याची रक्कम परत पूर्ण भरून काढतात आणि त्यासाठी उरलेल्या महिन्यांचा त्या रकमेपुरता प्रीमियम घेतात, क्लेमच्या पैशातूनच कापतात. हे ऐकून लोक दचकतात, पण आकडा करून बघा. क्लेम ३ लाखाचा, दर समजा हजारी पन्नास पैसे, तर वर्षाचे होतात १५० रुपये, सहा महिने उरले असतील तर ७५, वर जीएसटी. तीन लाखाच्या मागे पंचाहत्तर रुपये. यासाठी कोणी फ्रीज भंगारात देऊन गप्प बसावं का.

गाडीसारखा घसरता नो क्लेम बोनस या स्टँडर्ड पॉलिसीच्या मजकुरात नाही, त्यामुळे बोनस गेला हा प्रश्न इथे येत नाही. पुढच्या वर्षी कंपनीने दर वाढवलाच असं धरून चालू. वाईटात वाईट धरू, प्रीमियम २५०० चा ५००० केला आणि पाच वर्षं तसाच ठेवला. जास्तीचे गेले साडेबारा हजार. नुकसान तीन लाखाचं. यात विचार करण्यासारखं काही आहे का? हां, नुकसान सात-आठ हजाराचं असेल, एक पंखा आणि थोडं प्लास्टर, तर कागदपत्रं, सर्व्हेअर, चकरा यात पडायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, तिथे मी कोणाला आग्रह करणार नाही. पण पुरात घर बुडालेल्या माणसाला हे गणित कोणी मांडून दाखवत नाही. तो भीतीवर निर्णय घेतो.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती लपवून चालणार नाही. पॉलिसीचा मजकूर सगळ्यांचा सारखा असला तरी दर सारखा नाही. पूर्वी आगीच्या विम्याचे दर टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवून द्यायची, १ जानेवारी २००७ पासून ते गेलं आणि कंपन्यांना मोकळीक मिळाली. विमा काढताना भरायच्या प्रपोजल फॉर्मवर मागच्या क्लेमबद्दल प्रश्न असतो. तिथे खरंच लिहायचं, कारण खोटं लिहिलं आणि पुढे उघडकीला आलं तर पुढचा क्लेमच जातो. पण खरं लिहिल्यावर कंपनीने त्या माहितीचं काय करायचं हे तिच्यावर सोडलंय, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आरोग्यविम्यात बघा, इर्डाने कधीच सांगून ठेवलंय की तुम्ही मागच्या वर्षी क्लेम केला म्हणून तुमच्या एकट्याचा प्रीमियम रिन्यूअलला वाढवायचा नाही आणि त्या कारणाने रिन्यूअल नाकारायचं पण नाही. सगळ्यांचा दर वाढवायचा असेल तर सगळ्यांचा वाढवा. तिथे हे चालतं, कंपन्या काही बुडाल्या नाहीत. मग घराला काय अडचण आहे? उलट आजारात निदान म्हणता येईल की माणूस स्वतःची काळजी घेत नाही. पुराचं तसं नाही. एकाच गल्लीत दोन घरं, एकाच उंचीवर, एकाच बिल्डरची. पाणी दोन्हीकडे सारखंच शिरलं. एकाने क्लेम केला, एकाने नाही. पुढच्या सप्टेंबरला परत पाणी आलं तर क्लेम केलेल्या घरात जास्त येईल का? त्या घराचा धोका त्याच्या जागेने ठरतो, जोत्याच्या उंचीने ठरतो, नदी किती लांब आहे यावर ठरतो, मालकाने फॉर्म भरला की नाही यावर ठरत नाही. गाडीच्या विम्यात क्लेमवरून चालवणाऱ्याबद्दल काहीतरी कळतं. पुराच्या क्लेमवरून घरमालकाबद्दल एवढंच कळतं की त्याच्याकडे विमा होता आणि त्याने तो वापरला. त्यासाठी त्याला जास्त पैसे लावणं म्हणजे प्रामाणिकपणे कागद भरल्याचा दंड आहे.

कंपन्यांची बाजू मी ऐकली आहे, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, सेमिनरी हिल्सच्या उंचावर राहणाऱ्याने आणि नाग नदीच्या काठावर राहणाऱ्याने सारखाच प्रीमियम भरायचा हा न्याय नाही. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटला आणि तळमजल्याला सारखा दर लावला तर पाचव्या मजल्यावरचा माणूस विमा सोडून देईल, मग उरतील फक्त बुडणारी घरं, आणि असा धंदा चालत नाही. शिवाय मोठ्या आपत्तीचे पैसे कंपनी एकटी देत नाही, तिने स्वतःचाही विमा काढलेला असतो, जीआयसी री ही सरकारी कंपनी आणि परदेशातल्या कंपन्यांकडे, आपल्याकडे त्यांचे करार बहुतेक १ एप्रिलला नवे होतात आणि जगात कुठे मोठी वादळं, आगी झाल्या की तिथला दर वाढतो, मग तो खाली झिरपत झिरपत आपल्या धरमपेठेतल्या पॉलिसीपर्यंत येतो.

ठीक आहे, मान्य. भागाप्रमाणे दर ठेवा, मजल्याप्रमाणे ठेवा, जोत्याच्या उंचीप्रमाणे ठेवा. पण तो सगळ्या गल्लीला ठेवा आणि कशावरून ठेवला ते सांगा. ज्याने स्वतःहून काही केलंय त्याला सूट द्या. चेंबरच्या पाइपला पाणी उलटं न येणारा व्हॉल्व्ह बसवला, प्लगपॉइंट आणि मीटर बोर्ड कमरेच्या वर घेतले, इन्व्हर्टर स्टँडवर ठेवला, गेटला पाणी अडवायची पाटी केली, याची किंमत फार नाही आणि याने नुकसान खरंच कमी होतं. त्या काकांच्या घरात बॅटरी दोन फूट वर असती तर काही फरक पडला नसता कारण पाणी त्याच्याही वर होतं, पण त्याच गल्लीत जिथे गुडघाभर पाणी आलं तिथे ज्यांचा बोर्ड वर होता त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी लाइट सुरू झाली. माणसाने जे स्वतःहून केलंय त्याला सूट मिळाली तर तो दर न्यायाचा वाटतो, आणि क्लेमवर दर ठरवला तर लोक फक्त क्लेम लपवायला शिकतात.

आणि लपवण्याचं नुकसान सगळ्यांना होतं, हे कोणी बोलत नाही. लोकांनी क्लेम केले नाहीत तर कोणत्या गल्लीत किती पाणी, किती नुकसान याची नोंदच होत नाही. पंचनाम्यात दहा हजाराच्या मदतीपुरतं लिहितात, खरं नुकसान किती लाखाचं ते कुठेच राहत नाही. मग कंपनी दर ठरवते तो अख्ख्या शहराचा अंदाज बांधून, आणि महापालिका म्हणते एवढं काही झालं नव्हतं.

महापालिकेचं नाव निघालंच आहे तर पुढचं पण बोलू. हा पूर नुसता आभाळातून नाही आला. अंबाझरीच्या ओव्हरफ्लोच्या वाटेवर विवेकानंदांचं स्मारक, नदीचं पात्र ठिकठिकाणी आवळलेलं, वर स्लॅब टाकून बांधकामं, यावरून पूरग्रस्त लोकच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. कोणाचं काय चुकलं ते न्यायालयात ठरेल. पण विम्याच्या बाजूने बघा, त्या आवळलेल्या पात्राची किंमत शेवटी कुठे येऊन बसते? त्या गल्लीतल्या प्रीमियममध्ये. घरमालक टॅक्स भरतो तो नाली साफ राहावी म्हणून, आणि नाली तुंबून घर बुडालं की प्रीमियम पण त्यानेच जास्त भरायचा. नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी भरतं हे अख्ख्या शहराला पाठ आहे, तसंच कोणत्या वस्तीला धोका किती हे महापालिकेलाही माहीत असतं. ते नकाशे गल्लीनिहाय, सर्व्हे नंबरनिहाय लोकांसमोर ठेवा. नदीचं काम झालं, पात्र मोकळं झालं, तर त्या भागाचा दर खाली आला पाहिजे आणि तो खाली आणायला लावायचं काम महापालिकेनेच कंपन्यांकडे पाठपुरावा करून केलं पाहिजे. आज दर वाढला तर वाढतो, कमी व्हायचं कारण झालं तरी तो कमी करा म्हणून मागणारं कोणीच नसतं.

आणि ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांचं काय. नदीकाठच्या झोपडपट्ट्यांत सगळ्यात आधी पाणी शिरतं, तिथे कार्पेट एरिया आणि बांधकाम खर्चाची भाषा कोण बोलणार. त्यांच्यासाठी मला दुसरा रस्ता जास्त बरा वाटतो. नागालँड सरकारने २०२४ मध्ये राज्यासाठी पॅरामेट्रिक विमा घेतला. यात घराघरात जाऊन नुकसान मोजत बसत नाहीत, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाऊस पडला की ठरलेली रक्कम सरकारला मिळते. असं एखादं कव्हर आपल्या राज्याने किंवा महापालिकेने या वस्त्यांसाठी घ्यावं, प्रीमियम सरकारी तिजोरीतून जावा, आणि पैसे थेट घरांना जावेत. वाढला तर वाढू दे सरकारचा प्रीमियम, नाल्या साफ ठेवायला तेवढंच एक कारण मिळेल.

जीएसटीचंही सांगायचं राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी काढून टाकला, चांगलं केलं. घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे. एकीकडे सरकारने म्हणायचं की लोकांनी आपत्तीचा विमा काढावा, मदतीवर अवलंबून राहू नये, आणि दुसरीकडे त्याच विम्यावर टीव्ही-फ्रीजइतका कर घ्यायचा, हे मला पटत नाही. तळमजल्यावरचं घर बुडणं हे आजारपणापेक्षा काही कमी संकट नसतं.

ज्यांच्याकडे आज पॉलिसी आहे त्यांनी आत्ताच, पाऊस नसताना, एवढं करून ठेवा. गृहकर्ज असेल तर बँकेत जाऊन विचारा की काढलेला विमा घराचा आहे की फक्त कर्जाचा, कारण बऱ्याच जणांकडे कर्जदार गेला तर कर्ज फेडणारा विमा असतो आणि ते त्यालाच घराचा विमा समजत राहतात. असेल घराचा, तर त्यात सामान धरलंय का ते बघा. पॉलिसीचा फोटो मोबाइलमध्ये आणि मुलांकडे पाठवून ठेवा. पाणी शिरलंच तर आधी फोटो आणि व्हिडिओ, भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रीजच्या मागचा नंबर, मग कंपनीला फोन, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत भंगारवाल्याला दारात उभं करू नका. बिलं वाहून गेली म्हणून घाबरू नका, जून २०२४ च्या इर्डाच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय की कागदपत्रं नाहीत एवढ्याच कारणाने क्लेम नाकारायचा नाही. कंपनीने ऐकलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, नागपूरवाल्यांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, तक्रार घरबसल्या ऑनलाइन होते आणि वकील लागत नाही, फी पण नाही.

आणि हे सगळं लोकांनी केलं तरी नियमाची मागणी सोडायची नाही. भारत गृह रक्षाचा मजकूर इर्डानेच लिहिलेला आहे, त्यात भर घालायला संसदेत जावं लागत नाही. त्यात एवढंच घाला की सरकारने आपत्ती म्हणून जाहीर केलेल्या घटनेतला क्लेम त्या घराचा दर वाढवायला किंवा रिन्यूअल नाकारायला वापरता येणार नाही, दर बदलायचा तर भागाचा बदलायचा आणि का बदलला ते रिन्यूअलच्या नोटिशीत एका ओळीत सांगायचं. प्रपोजल फॉर्मवरच्या मागच्या क्लेमच्या प्रश्नात आपत्तीचे क्लेम वेगळे लिहायला जागा द्या म्हणजे नवीन कंपनीलाही ते कळेल. नागपुरातल्या आमदार-खासदारांनी, सोसायट्यांनी, अंबाझरीच्या काठच्या लोकांनी हे इर्डाकडे लेखी मागावं, आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत मागावं.